कधीच बंद न पडणारं यंत्र

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका, कारण तेव्हाही होड्यांच्या मागे यंत्रं बसवत असत असं मी सांगणार आणि तुम्ही वाद घालत बसणार.

समुद्रकाठच्या एका गावात एक मासेमार राहत होता. आईबाप गेलेले, लग्न झालेलं नाही. संध्याकाळी स्वतःच दिवा लावायचा आणि भिंतीवरच्या सावलीसमोर बसून जेवायचं, असं त्याचं आयुष्य. वल्ही मारून खांदे भरून येऊ लागले तेव्हा त्याने यंत्र घ्यायचं ठरवलं. पण ते भर समुद्रात बंद पडलं तर आपल्याला शोधायला कोण येणार? या विचाराने त्याची झोप उडाली.

मग तो बंदरावर ज्याला त्याला विचारत सुटला. एकाकडे उत्तरेच्या लोहाराचं यंत्र होतं. ते भिजलं की रुसून बसे. मागे रुसलं तेव्हा शेजाऱ्याने ओढून आणलं होतं. दुसऱ्याकडे दक्षिणेच्या लोहाराचं होतं. ते तापलं की गप्प होई. तेव्हा मेहुणा धावून आला होता. एका म्हाताऱ्याचं यंत्र तर गावातच ठोकून बनवलेलं. ते मनात येईल तेव्हा बंद पडे.

"पण मी अजून बुडालो नाही बघ," म्हातारा हसून म्हणाला.

आपल्या मासेमाराने या सगळ्यातलं यंत्राचं तेवढं ऐकलं.

होतं नव्हतं ते देऊन त्याने समुद्रापलीकडच्या कारागिराचं यंत्र आणलं. ते खरोखरच बंद पडेना. गावची रीत अशी होती की यंत्र अडलं की वल्ह्याला कापड बांधून उभं करायचं आणि जवळच्याने दोर टाकायचा. वाटेत असं कापड दिसलं तरी तो पुढे निघून जाई. यांना न्यायला यांची माणसं येतील, असं तो म्हणे. त्यात थोडा हेवाही होता.

एके दिवशी वाहून आलेलं फाटकं जाळं यंत्राच्या पाण्यात फिरणाऱ्या पंख्यात अडकलं आणि पाती मोडली. यंत्राचा काही दोष नव्हता. एवढ्या भरवशाच्या यंत्राला वल्ह्यांची जोडी कशाला, म्हणून त्याने एकच वल्हं ठेवलं होतं. त्यालाच त्याने कापड बांधलं. लांबून एक होडी गेली. वारा तिकडून वाहत होता, म्हणून तिच्यातलं बोलणं त्याला ऐकू आलं.

"कापड वाळवतोय वाटतं. त्याचं यंत्र कुठलं बंद पडायला?"

त्याच्या हाका मात्र तिकडे पोचल्या नाहीत. ऊन उतरलं. किनाऱ्यावर आपली वाट कोणी पाहत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि तो लहान मुलासारखा रडला.

तेवढ्यात वल्ही मारत तो म्हातारा आला. "दोर टाक रे बाबा, माझं पुन्हा बंद पडलंय," तो म्हणाला. मग याचा चेहरा पाहून त्याने स्वतःच दोर टाकला आणि दोन्ही होड्या एकत्र बांधल्या.

"दोन होड्या वल्ह्यांनी एवढ्या लांब नेणं जमायचं नाही. आता कोण येणार?" मासेमाराने विचारलं.

"येतील. माझं यंत्र कसलं आहे ते गावाला ठाऊक आहे. दिवेलागणीला मी दिसलो नाही की निघतात."

दिवेलागणीला होडी आली आणि दोघांनाही घेऊन गेली.

पुढे पंखा दुरुस्त झाला. आता कापड दिसलं की सगळ्यांत आधी त्याचीच होडी वळू लागली. एका संध्याकाळी मासे जास्त मिळाले म्हणून त्याला परतायला उशीर झाला. यंत्र छान चालू होतं. तरी समोरून म्हातारा वल्ही मारत त्याला शोधायला येत होता.

तात्पर्य: यंत्र भरवशाचं जरूर घ्यावं, पण आपण परतलो नाही हे ज्यांच्या ध्यानात येईल अशी माणसं त्याआधी जोडावीत.