सरकारांची हनुवटी आणि पेटता तोडा

"हुकूम मोडलास भटा! उद्या दुपारच्या आत संस्थान सोड!" राजे भैरवराव गरजले, आणि नरहरभट आचाऱ्याच्या हातातला झारा खाली पडला.

झालं होतं असं. मुदपाकखान्यातून चांदीचं एक ताट चोरीला गेलं. राजे पडले बंदुकांचे वेडे! जेवताना पाटाशेजारी बंदूक, पूजेतही मांडीशी बंदूक. त्यांनी गुरुवारी दवंडी पिटवली, 'राजवाड्यात जो काम करील, त्याच्या खांद्याला कामाच्या जागी भरलेली बंदूक हवी, आणि तिचा तोडा पेटता हवा!' तोडा म्हणजे बार उडवणारी जळती सुतळी. ती सांभाळत बिचारा भट पाच दिवस चुलीपुढे वावरला. मंगळवारी वरणाला फोडणी द्यायला वाकला, आणि धडाड्! गोळी कानाजवळून गेली, वरणाच्या हंड्याला आरपार भोक पडलं. भटानं बंदूक उचलली आणि दाराबाहेर ठेवली. एवढाच त्याचा गुन्हा!

बातमी निंबा न्हाव्याच्या कानी गेली. त्याची बायको आजारी होती तेव्हा याच भटानं महिनाभर मऊभात पाठवला होता. निंबा तडक राजांपुढे उभा राहिला.

"सरकार, चुलीपाशी बंदूक नको हो! माणूस मरेल एखादा!"

"बंदूक सगळीकडे हवी!" राजे मिशी पिळत म्हणाले. "एक कर निंबा. 'बंदूक बाहेर ठेव' हे शब्द उद्या दुपारच्या आत माझ्या तोंडून काढून दाखव. भट राहील. नाही निघाले, तर त्याच्या मागोमाग तूही चालता हो!"

"वचन, सरकार?"

"वचन!"

आता गंमत अशी, की राजांची दाढी फक्त बुधवारी व्हायची. बाकीचे सगळे वार जोशीबुवांनी वर्ज्य ठरवलेले! त्यामुळे दवंडीनंतर निंबाची पाळी आलीच नव्हती. बुधवारी सकाळी तो आला. हातात वस्तऱ्या-साबणाची धोपटी, खांद्याला लांबलचक भरलेली बंदूक आणि धुमसणारा तोडा!

राजे गालात हसले. हा डाव त्यांनी ओळखला होता. बंदूक मांडीवर घेऊन ते ऐटीत बसले. "चल, आटप. शेजारच्या संस्थानचा वकील दरबारात येऊन बसलाय."

निंबानं साबण लावला, डावा गाल सफाचट केला आणि थांबला.

"का रे थांबलास?"

"तोडा विझायला आला, सरकार. विझला तर हुकूम मोडेल." त्यानं गाल फुगवून फुंकर मारली. ठिणग्या उडाल्या!

"अरे, ती बंदूक..." राजांनी जीभ चावली.

"बंदूक काय, सरकार?"

"बंदूक... झकास आहे!"

निंबा हनुवटीशी वाकला. तो वाकला तशी नळीही वाकली आणि थेट राजांच्या नाकापुढे आली. राजे मागे सरकले.

"हलू नका सरकार! एका हातात वस्तरा आहे, दुसऱ्यात तोडा. कुठला कुठं लागेल, नेम नाही!"

राजांना घाम फुटला. उठावं, तर अर्ध्या दाढीनं वकिलापुढे जायचं कसं? उद्यावर ढकलावं, तर जोशीबुवा आठ दिवस वस्तऱ्याला हात लावू देणार नाहीत! तेवढ्यात निंबानं पुन्हा फुंकर मारली. एक ठिणगी उडाली ती नेमकी राजांच्या मिशीच्या टोकावर बसली. चर्र!

"बंदूक बाहेर ठेव!" राजे किंचाळले. "आधी ती बंदूक बाहेर ठेव!"

निंबानं मिशीवर पाणी मारलं, मग बंदूक मुकाट बाहेर ठेवली आणि परत येऊन हात जोडले. आपण काय बोललो ते राजांना तेव्हा कळलं.

"लबाडा! ही काय कामाची जागा झाली? हे माझं तोंड आहे!"

"आपल्याला ते तोंड, सरकार. मला तीच कामाची जागा! माझ्या बापाचं पोटही याच घराण्याच्या हनुवट्यांवर भरलं. भटाची जागा चूल, एवढाच फरक!"

"आणि चोर आला तर?"

"दारावर चाळीस पहारेकरी आहेत की! बंदूक त्यांना शोभते. फोडणीला मोहरी लागते सरकार, गोळी नाही!"

राजे असे हसले, की साबणाचा फेस निंबाच्या पागोट्यापर्यंत उडाला. "भट राहिला! आणि तू माग, काय हवं ते!"

"दिंडीदरवाज्यात ओळीनं खुंट्या ठोका. कामाला येईल त्यानं बंदूक तिथं टांगावी."

"मंजूर! पण तुला स्वतःला काय?"

निंबा जरा घुटमळला. "राग नाही ना यायचा? मांडीवरच्या या बंदुकीकडे बघून दर बुधवारी माझा हात कापतो, सरकार. आणि हातात असतो वस्तरा!"

राजांनी चटकन आपल्या गळ्याला हात लावून पाहिला. मग पोट धरधरून हसले, मनगटातलं सोन्याचं कडं काढून निंबाच्या हातात घातलं आणि बंदूक त्याच्यापुढे धरली.

"जा, टांगून ये. पहिली खुंटी माझी! आणि पळत ये रे, उजवा गाल राहिलाय!"