प्रवाळेने मान फिरवली

पूर्वी गोदावरीच्या काठी पोतन नगरात अरिंजय नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व राजवाड्यात नाही, पुरोहिताच्या घरी नाही, तर गावाच्या खालच्या अंगाला एका बुरुडाच्या घरी जन्माला आला. थोर माणसे थोर घरांतच जन्मतात असे ज्यांना वाटते, त्यांनी ही कथा इथेच मिटून ठेवावी. त्याचे नाव सोमिल. बांबूचे कळक फोडायचे, कांबी तासायच्या, सुपे-टोपल्या विणायच्या, आणि कुणी मागितला तर पिंजराही विणून द्यायचा, हा त्याचा धंदा.

नदीकाठच्या जुन्या झाडांच्या ढोल्यांत पोपट घरटी करीत. वाऱ्याने फांदी मोडली, कुणी झाड तोडले, की पिल्ले खाली पडत आणि लोक ती सोमिलकडे आणून देत. सोमिल आधी शिडी काढी. पिल्लू पुन्हा ढोलीत ठेवता येते का ते पाही. "आईच्या चोचीची सर माझ्या हाताला नाही," असे म्हणे. झाडच राहिले नसेल, तरच पिल्लू घरी राही.

मग मात्र त्याचे हात पाहावेत! तांदळाची मऊ पेज आणि हरभऱ्याचे वाटण तो कोमट करी, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून पाही, आणि कळकाची घासून मऊ केलेली चिप पिल्लाच्या चोचीशी धरून बसे. चोच कधीही उघडायला लावीत नसे. पिल्लू आपणहून चोच उघडी, तेव्हा घास. पिल्लाने मान फिरवली की हात मागे. चिपेवर एकच थेंब उरलेला असला तरी मागे. दोन भावंडे आली तर ती एकाच टोपलीत राहत. पंख फुटल्यावर तो भिजवलेले हरभरे ताटलीत ठेवी. पिल्लू स्वतः टिपू लागले, तरी संध्याकाळी चोच वर करून मागायला आलेच, तर त्याला तो पुन्हा लहान समजून भरवी. "मागणाऱ्याचा घास तोडला, की ते जन्मभर मागतच राहतं," असे त्याचे म्हणणे.

त्याची बायको मेखला जिभेने तिखट होती. ती एकदा म्हणाली, "पाखरानं मान फिरवली की तुमचा हात लगेच मागं. मी तोंड फिरवून बसते ते दिसतसुद्धा नाही."

"दिसतं की," सोमिल म्हणाला. "म्हणून तर गप्प बसतो."

त्याच्या घरची पाखरे कुणाच्याही खांद्यावर बसत. कंटाळा आला की उडून जात, वाटले की परत येत. चावत नसत, कारण चावायची वेळच त्यांच्यावर कधी आलेली नसे. मान फिरवली की काम भागते, हे त्यांना ठाऊक होते.

राजवाड्यात पाखरे वाढवण्याची रीत निराळी होती. तिथला पक्षिपाल दंतक हा मोठा हुशार आणि तितकाच गर्विष्ठ माणूस. तो पिल्लांचे डोळे उघडण्याआधीच ती घरट्यातून काढी. एकेका मडक्यात एकेक पिल्लू ठेवी आणि मडक्याच्या तोंडावर फडके बांधी, म्हणजे दुसऱ्या पाखराचे रूप नाही की आवाज नाही. बोरूची पोकळ नळी घशात घालून तो पेज ओती. एका घटकेत चाळीस पिल्लांची पोटे भरून होत. पंख फुटले की पिल्लाला दोन दिवस उपाशी ठेवायचे आणि तिसऱ्या दिवशी मालकाने स्वतःच्या हाताने भरवायचे. ते पाखरू मग त्या हाताला असे चिकटे की सुटता सुटत नसे.

"याला निष्ठा म्हणतात," दंतक मिशीवर हात फिरवून सांगे.

अशाच एका मडक्यातून निघालेली, खांद्यावर लाल डाग असलेली, थोराड जातीची एक पोपटाची मादी त्याने राजाला दिली. राजाने तिचे नाव प्रवाळा ठेवले. राजा वाईट नव्हता. पण भीतीने नमणारे आणि स्वार्थाने हसणारे लोक त्याने इतके पाहिले होते, की ह्या मुक्या जीवाने आपल्याच गालाला डोके घासावे याचे त्याला फार अप्रूप वाटले. प्रवाळेने राणीचा कान फाडला. प्रधानाच्या अंगठ्याचा लचका तोडला. राजा हसून म्हणे, "काय करणार! तिला माझ्यावाचून कुणीच नाही."

हे वाक्य तो कौतुकाने म्हणत होता. त्यात केवढे दुःख भरले आहे, ते त्याला कळत नव्हते.

एकदा राजाला सात दिवस सीमेवर जावे लागले. प्रवाळा पहिल्या दिवशी ओरडली, दुसऱ्या दिवशी ओरडली, तिसऱ्या दिवशी तिचा घसा बसला. मग तिने आपल्या छातीवरची पिसे उपटायला सुरुवात केली. राजा परतला तेव्हा तिची छाती सोललेल्या कोंबडीसारखी उघडी पडली होती आणि तिच्यातून रक्त येत होते. त्यानंतर तो स्नानाला गेला तरी ती किंचाळे आणि उरलेली पिसे उपटी. राजा धावत येऊन तिला उचली. ती शांत होई. तो उठला की पुन्हा तेच. राजा जवळ नसला की ती अन्नाला शिवेना. ती हलकी, पानासारखी झाली.

दंतक म्हणाला, "महाराज, गळ्यात कळकाचे कडे अडकवू. चोच छातीपर्यंत पोचली नाही म्हणजे झाले. खाली एक बुरूड आहे, त्याला बोलावतो."

अशा रीतीने सोमिल कांबींची मोळी घेऊन राजवाड्यात आला. त्याने माप घ्यायला प्रवाळेकडे पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि मोळी खाली ठेवली.

"महाराज, कांबी आणल्यात. पण कडं विणणार नाही."

"का?" राजाने विचारले.

"चोच अडेल. जिथं दुखतंय ते तसंच राहील."

दंतक हसला. "वा रे बुरुडा! टोपल्या विणता विणता वैद्य झालास काय? महाराज, याला हातांचा फार भरवसा दिसतो. मग हातच लावू दे पणाला. पाखरू मेले तर दोन्ही हात मनगटापासून तोडावेत."

राजा दुःखात होता, आणि दुःखातला राजा हे वाईट प्रकरण असते. तो म्हणाला, "ठरले. बरी कर, नाहीतर हात गमाव."

सोमिलने आपल्या हातांकडे पाहिले. मग तो म्हणाला, "बरी मी नाही करू शकत, महाराज. तिला माझी ओळखही नाही. बरं आपणच करायचं. मी फक्त सांगेन."

दुसऱ्या दिवशी मेखला एका टोपलीत घरचा म्हातारा लंगडा पोपट घेऊन आली. तो प्रवाळेच्या खोलीत दूरच्या कोपऱ्यात ठेवला. त्याला पाहताच प्रवाळा भिंतीला चिकटून थरथर कापू लागली.

मेखला राजासमोर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "महाराज, माणसाच्या लेकराला माणूस बघून घाम फुटला, तर तुम्ही काय म्हणाल? तुमची पोर पाखरू असून पाखराला भिते!"

"मेखले," सोमिल हळूच म्हणाला.

"मेखले काय? हात तुमचे जायचेत. निदान बोलू तरी द्या मला!"

राजा रागावला नाही. असे घरच्यासारखे त्याच्याशी कुणी बोलत नसे.

सोमिलने राजाला पहिला धडा दिला तो दाराबाहेर जाण्याचा. एका श्वासापुरते बाहेर जायचे आणि परत यायचे. प्रवाळा किंचाळली की राजाचे पाऊल आत वळे. "आता नको," सोमिल म्हणे. "किंचाळून थांबेल, दम घेईल, त्या दमात आत या. ओरडल्यामुळं माणूस येतो हे ती शिकलीय. गप्प असतानाही माणूस येतो, हे तिला आजवर कुणी शिकवलंच नाही." पहिल्या दिवशी राजा साठ वेळा आत-बाहेर झाला. पायऱ्यांवरचे पहारेकरी तोंडे लपवून हसले. चौथ्या दिवशी तो दहा श्वास बाहेर राहू शकला. आठव्या दिवशी दंतधावन करून आला, आणि प्रवाळा नुसती दाराकडे पाहत होती.

दुसरा धडा भरवण्याचा. अन्न दिवसभर ताटलीत उघडे ठेवायचे, म्हणजे हाताशी भुकेची गाठ पडू नये. सकाळ-संध्याकाळ मात्र राजाने चिपेवर पेज घेऊन बसायचे. चोच उघडली तर द्यायचे, नाही तर नाही. प्रवाळा ताटलीला शिवत नसे, पण राजाच्या हातचे अधाशासारखी सगळे गिळी. पोट फुटेपर्यंत गिळी. कारण नळीने तिला 'पुरे' हा शब्द कधी शिकवलाच नव्हता.

लंगडा पोपट कोपऱ्यात बसून आपले हरभरे सोले, पिसे साफ करी, दुपारी डोळे मिटून स्वतःशी बडबडे. प्रवाळा चोरून पाही. अकराव्या दिवशी तिनेही एक हरभरा उचलला आणि सोलला.

सोळाव्या दिवशी सकाळी राजा चिप घेऊन बसला. दंतक तिथे आला होता. प्रवाळेने दोन घास घेतले, तिसरा घेतला. चौथ्या घासाला राजाने हात पुढे केला, आणि तिने मान फिरवली.

राजाचा चेहरा तांबडालाल झाला. जन्मात त्याच्या हातचे कुणी नाकारले नव्हते. त्याने चिप पुन्हा तिच्या चोचीशी नेली. तिने पुन्हा मान फिरवली.

"पाहा, महाराज!" दंतक ओरडला. "सोळा दिवसांत यानं निष्ठा मोडली. आपल्या हातचे नाकारते आहे ती. आता हिच्यात आणि रानातल्या पाखरात फरक काय उरला?"

राजाचा हात हवेत तसाच राहिला. तो सोमिलला म्हणाला, "ती मला विटली. हे तू केलेस."

"होय, मी केलं," बोधिसत्त्व म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही की उतरला नाही. "आज तिला पहिल्यांदा कळलं, की नको म्हटलं तर मारत नाहीत, घशात ओतत नाहीत, सोडूनही जात नाहीत. आपल्यावर एवढा विश्वास तिनं आजच टाकलाय. आता हात मागं घ्या, महाराज. माझे पाहिजेत तर हे घ्या." आणि त्याने आपले दोन्ही हात पुढे धरले. कांबींनी कापलेले, घट्टे पडलेले हात होते ते.

मेखलेने पदराचे टोक दातांत धरले होते. राजाने त्या हातांकडे पाहिले. मग प्रवाळेच्या छातीकडे पाहिले. त्या उघड्या कातडीवर बारीक निळसर कोंब फुटले होते, नव्या पिसांचे. ते त्याच्या आधी लक्षात आले नव्हते, कारण तो रोज फक्त तिच्या डोळ्यांत स्वतःला पाहत होता.

त्याने हात मागे घेतला.

प्रवाळेने अंग झटकले. पंख ताणले, आधी डावा, मग उजवा. ती उडून खिडकीत बसली आणि बाहेर झाडाकडे पाहत राहिली. खिडकी उघडी होती. राजा जागचा हलला नाही, तिला हाकही मारली नाही. राजाच्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा पराक्रम होता, असे मी म्हणते. लढाया कुणीही जिंकतो.

बऱ्याच वेळाने ती परतली. तिची गळ्याखालची पिशवी भरून फुगलेली होती. तिला काहीएक नको होते. ती राजाच्या गुडघ्यावर उतरली, बाहीला चोच लावत खांद्यापर्यंत चढली, आणि तिथे एक पाय पोटाशी घेऊन झोपली.

"भुकेवाचून आली," राजा कुजबुजला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. "सोमिला, ही आज पहिल्यांदा माझ्याकडे आली."

राजा दंतकाला नगराबाहेर घालवायला निघाला आणि सगळी मडकी फोडण्याचा हुकूम देऊ लागला, तेव्हा बोधिसत्त्व म्हणाला, "महाराज, मडक्यांचा काय दोष? ती ऊबदार असतात. एकेकात दोन दोन पिल्लं ठेवावी आणि तोंडावरचं फडकं काढावं. आणि दंतकांना इथंच राहू द्या. चाळीस पिल्लं जगवायची म्हणजे काही खायचं काम नाही. हात चांगला आहे त्यांचा. फक्त घाई फार आहे."

दंतकाला शिक्षा झाली असती तर तो आयुष्यभर सोमिलला शिव्या देत बसला असता. कौतुक झाले, म्हणून तो खाली मान घालून रडला. दुसऱ्या दिवशी तो बुरुडाच्या दारी आला आणि कळकाची चिप कशी घासायची ते विचारू लागला. "बसा," मेखला म्हणाली. "पण आधी हात धुवा. आणि मिशीवरून फिरवू नका."

पुढे अनेक जन्मांनंतर जेतवन विहारात एक वडीलधारी भिक्षुणी आपल्या नवदीक्षित शिष्येला क्षणभरही दृष्टिआड होऊ देत नसे. तिला दुसऱ्या कुणाचा उपदेश ऐकू देत नसे. ती भिक्षुणी दुसऱ्या विहारात गेली, तेव्हा शिष्येने अन्नच टाकले. गुरू परतल्यावर, त्या प्रसंगी शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा सांगितली आणि ते दोघींकडे पाहून म्हणाले: त्या जन्मी प्रवाळा होती ती ही अन्न टाकलेली शिष्या, आणि राजा अरिंजय म्हणजे तिची ही गुरू. दंतक म्हणजे आपल्या विहारात नवख्यांना घाईघाईने पाठ घोकवणारा तो भिक्षू, जो आता मागच्या रांगेत मान खाली घालून बसला आहे. मेखला म्हणजे मागे बसून मोठ्याने हसणारी ती उपासिका. आणि बुरूड सोमिल म्हणजे मीच.

ते ऐकून गुरूने शिष्येचा धरलेला हात सोडला. शिष्या उठली, आपले पात्र घेऊन भिक्षेला गेली, आणि जेवून आपणहून गुरूशेजारी येऊन बसली.

ज्या गुणाने बोधिसत्त्वाने आपले हात पुढे केले आणि राजाने आपला हात मागे घेतला, त्याला मैत्री म्हणतात. ही मैत्री पारमितेची, म्हणजे मैत्रीच्या परिपूर्णतेची, कथा आहे.