कोंडसुळ्याचा अडलेला कौल

श्रीदेव रवळनाथाच्या इच्छेवाचून या त्रिभुवनात झाडाचं पानसुद्धा हलत नाही. कोंडसुळे गावात मात्र दाजीबा खोतांच्या परवानगीवाचून रवळनाथालाच हलता येत नसे. पालखी त्यांनी म्हटल्यावर उठे, आरती ते आल्यावर सुरू होई, आणि ते जेवून झोपले की देवालाही विश्रांती घ्यावी लागे. अशा त्या गावात त्या वर्षी श्रीभिकोबामहाराज येऊन राहिले होते. देवळाच्या सभामंडपातला एक खांब त्यांनी पाठीला घेतला होता आणि दिवसभर तिथंच बसून असत. खोत येता-जाता म्हणत, "वा, खांबाला खांब मिळाला." महाराज ऐकत आणि हसत. महाराजांना राग येत नाही, अशी गावाची समजूत होती.

भाविक हो, ती समजूत कशी मोडली, ते आता ऐका.

आश्विनातल्या वादळानंतर एका सकाळी खारबांदच्या वाडीतून सगुणा गाबतीण डोंगर चढून देवदर्शनाला आली. अनवाणी, उपाशी, न्हालेले केस तसेच ओले, हातात नारळ. देवळाला जाणारं माणूस वाटेत नामस्मरण करतं. सगुणा वाटभर भांडत आली होती. आधी सासरच्यांशी, मग समुद्राशी, आणि घाटी संपत आली तेव्हा खुद्द रवळनाथाशी.

कारण तसंच होतं. तिचा नवरा होडी घेऊन गेला तो वादळात सापडला. पंधरवडा उलटून गेला. सासरच्यांनी ठरवलं, माणूस गेला, आता हिच्या बांगड्या फोडा. सगुणा दारात कोयती घेऊन उभी राहिली. शेवटी वाडीतल्या जाणत्यांनी तोड काढली: देवाला कौल लावायचा. रवळनाथ सांगेल ते सगळ्यांनी ऐकायचं. तिनंही ऐकायचं.

कौल म्हणजे काय, हे कोकणाबाहेरच्या भक्तांसाठी सांगतो. गुरव देवाच्या पाषाणावर दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवतो. मग गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवाला मोठ्यानं प्रश्न सांगायचा, आणि जमलेल्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून पाठबळ द्यायचं. उजवी कळी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. आणि कौल लावल्यावर कळी पडेपर्यंत कुणी मंडपाबाहेर जायचं नाही, काही खायचं नाही, आणि गाऱ्हाणं घालणाऱ्या मानकऱ्यानं तर बसायचंसुद्धा नाही. गाऱ्हाणं घालण्याचा मान अर्थात खोतांचा.

सगुणा पोचली तेव्हा खोतांचे स्वतःचे कौल चालू होते. परसातलं फणसाचं झाड तोडावं का? उजवी पडली. जावयाला दिवाळीत बोलवावं का? डावी पडली, खोतांना हायसं वाटलं. सोमा गुरव कसलेला होता. खोतांच्या मनात काय आहे ते ओळखून तो त्या बाजूच्या कळीला पाणी जरा बेतानंच लावी.

"हं, तुझं काय गो?" खोतांनी विचारलं.

सगुणानं सांगितलं. "माझो घोव जितो आसा काय नाय, येवढाच देवाक विचारा."

"नाव काय त्याचं?"

सगुणानं शेजारी बसलेल्या वाडीतल्या बाईकडे बघितलं. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती.

"उखाण्यात घे, लाजतेस काय?" खोत म्हणाले. मंडपात दोघंतिघं हसले. सगुणानं हातातला नारळ असा आवळला की शेजारची बाई जरा सरकून बसली.

शेवटी त्या बाईनंच नाव सांगितलं: धाकू. गुरवानं कळ्या लावल्या. खोतांना भूक लागली होती, घरी वालाची उसळ होती, आणि समुद्रात गेलेल्या माणसाबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. त्यांनी हात जोडून खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, ही खारबांदची बाई तुझ्या पायाशी आली आहे."

"व्हय म्हाराजा."

"हिचा घोव धाकू दर्यात गेला. तर हिच्या बांगड्या आजच फोडायच्या असतील तर उजवा कौल दे, आणि उद्या फोडायच्या असतील तर डावा दे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मंडप सवयीनं म्हणाला.

सगुणाला क्षणभर कळेना. मग कळलं, आणि तिच्या कानशिलांतून जाळ निघाला. "ह्या मी विचारूक सांगलंय?"

"गाऱ्हाणं घालताना मध्ये बोलू नये," खोत म्हणाले. "देवाचा कोप होतो."

कोप झाला खरा. दोन्ही कळ्या होत्या तिथंच राहिल्या.

ऊन मंडपाच्या पायरीवर आलं. लोक चुळबुळू लागले. गुरवानं पितळी समई सरकवण्याचं निमित्त करून उपरण्याचा वारा घातला. कळ्या ढिम्म. खोत या पायावरून त्या पायावर भार देत उभे. ऊन पायरी उतरून गेलं. कळ्यांवरचं पाणी केव्हाच सुकलं, कडा काळ्या पडल्या, तरी त्या पाषाणाला धरून होत्या.

खोत आधी गुरवावर चिडले, मग वाऱ्यावर, मग उसळ गार होणार म्हणून घरच्यांवर. शेवटी सगुणाकडे वळून म्हणाले, "सगळं या अवदसेमुळे. नवऱ्याला खाल्लंन् आणि आता देवालाही अडवून बसली आहे."

तेव्हा खांबापासून आवाज आला.

"दाजीबा."

गावानं तो आवाज आजवर ऐकला नव्हता. महाराज बसल्या जागेवरून हलले नाहीत, पण डोळे असे लाल की गुरवाच्या हातातली घंटा खाली पडली.

महाराज म्हणाले, "प्रश्न तुम्ही विचारलात, आणि दोन्ही उत्तरंही तुम्हीच दिलीत. मग देवाला काय तुमच्या उसळीला फोडणी द्यायला उभं केलंत? लाज नाही वाटत? बाई डोंगर चढून आली, तिचं दुःख ऐकून घ्यायला तुम्हाला उसंत नाही, आणि फणसासाठी देवाला सकाळपासून राबवता."

खोतही पेटले होते. "एवढे देवाच्या ओळखीचे आहात तर तुम्हीच पाडा की कळी."

"मी कशाला पाडू? ज्याचं दुखतं तो बोलेल. सगुणे, ऊठ बाय. तूच घाल गाऱ्हाणं."

"बाईमाणसानं?" खोत ओरडले. "कोंडसुळ्यात असं कधी झालेलं नाही."

"म्हणूनच कोंडसुळं असं आहे," महाराज म्हणाले.

सगुणा उठली. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी गेल्यावर पहिल्यांदा ती थांबली. आतापर्यंत तिच्यापाशी निदान राग होता. आता खरा प्रश्न विचारायचा होता, आणि खरं उत्तर आलं तर ते ऐकायचं होतं. डावी पडली तर भांडायलाही काही उरणार नव्हतं. तिनं त्या सुकलेल्या कळ्यांकडे बघितलं आणि मग मात्र तिचा धीर नव्हे, संतापच पुढं झाला.

"रवळनाथा," ती म्हणाली, "तुझी पालखी दर वर्साक खाडीपार कोण नेता? धाकू नेता. माझो घोव, धाकू."

मंडपात कुजबुज झाली. "नाव घेतलंन्," कुणीतरी म्हणालं.

"घेतलंय. देवाक कळाक नको, कोणाचा विचारतंय ता?" ती मागं न बघता म्हणाली. "तेव्हा तुका तो बरो दिसलो. आता तो दर्यात अडकलो तर तू कळये चिकटवन उभो? धाकू जितो आसात तर उजवो कौल दी. मेलो आसात तर डावो दी, मी हयच बांगडये फोडतंय. पण गप ऱ्हव नको. तू देव आसस काय नुसतो दगड, ता आज माका कळाक व्हया."

पाठबळाचं "व्हय" कुणी म्हणेना. सगळे खोतांच्या तोंडाकडे बघत होते. मग खांबापाशी बसलेल्या महाराजांनी एकट्यानं आरोळी दिली, "व्हय म्हाराजा." मंडपाच्या कौलांवरची कबुतरं उडाली.

आणि उजवी कळी पडली. डावी जागची हलली नाही.

सगुणा उंबऱ्यावरच बसली. खोतांनी उपरण्यानं घाम पुसला. "सुकली म्हणून पडली," ते म्हणाले. "कळी पडली म्हणून दर्या माणूस परत देत नाही. असेल जिवंत तर आण समोर."

इतक्यात घाटीच्या वाटेवर गलका झाला. खारबांदची चार माणसं वर येत होती, आणि त्यांच्या मध्ये, उन्हानं करपलेला, ओठ फुटलेला, पण स्वतःच्या पायांनी चालणारा धाकू.

सगुणा धावली. लोकांना वाटलं गळ्यात पडेल. तिनं त्याच्या दंडाला धरून गदागदा हलवलं. "खंय होतंस इतके दीस? खंय मेलंलंस?"

"शीड फाटला, सुकाणू गेला," धाकू कसाबसा म्हणाला. "पंधरवडोभर व्हावत होतंय. आशा सोडलंलंय. आज सकाळी एक म्हातारो पोवत इलो, होडयेचो दोर दातात धरल्यान आणि सरळ खारबांदाक आणून लावल्यान. वाटभर माका शिव्या घालत होतो. म्हणालो, लवकर चल, तुझी बायल देवाशी भांडता, आज देवाचा काय खरा दिसणा नाय." त्यानं मंडपात नजर टाकली आणि तो थबकला. "ह्योच तो."

बोट खांबाकडे होतं. तिथं महाराज बसले होते. पहाटेपासून तिथंच होते. साऱ्या गावानं त्यांना बघितलं होतं, खोतांनी तर सगळ्यांत जास्त.

धन्य ती माउली, आणि धन्य तिचं भांडण. दाजीबा खोतांचे गुडघे आपोआप वाकले. आयुष्यात ज्यांनी देवापुढंही मान तिरकी ठेवूनच नमस्कार केला होता, त्यांनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि ते हमसून रडू लागले.

"महाराज, मी आंधळा. आता सगुणाबायपुढंही वाकतो. काय सेवा करू सांगा. देवळाला कळस चढवतो. तुमच्यासाठी मठ बांधतो. सांगाल ते करतो."

महाराज म्हणाले, "कळस राहू द्या. आधी माझी पाठ जरा खाजवा. खारं पाणी अंगावर वाळलं की जीव नकोसा होतो."