शेपटीमागे कोण उडणार?

डोंगरांनाही आपली उंची ठाऊक नव्हती, इतकी जुनी गोष्ट. तेव्हा करकोचे हिवाळ्यात दक्षिणेकडे निघत ते एका आडव्या रांगेत. दुसऱ्याच्या शेपटीमागे उडणं म्हणजे केवढा अपमान! त्यामुळे सगळेच पुढे आणि सगळ्यांच्याच तोंडावर वारा. दर वर्षी निम्मे जण डोंगर ओलांडण्याआधीच दमून माघारी फिरत.

त्यांच्यात ताठेराव नावाचा करकोचा होता. चोचभर तरी आपणच पुढे असावं, म्हणून तो मान ताणून उडायचा. एका वर्षी म्हाताऱ्या आत्याबाई थकून नेमक्या त्याच्या मागे आल्या, तर डोक्यावर पचकन शीट पडली. "शी, मेल्या!" म्हणत त्या मागच्या मागेच जरा बाजूला, त्याच्या पंखाच्या टोकामागे सरकल्या, आणि त्यांचे पंख एकदम हलके झाले.

डोंगर समोर आला तेव्हा ताठेरावाला धाप लागली होती. आत्याबाईंची बडबड मात्र चालूच.

"आत्याबाई, तुम्ही दमत कशा नाही?"

"तुझ्या पंखांचा वारा मला उचलतोय रे."

"म्हणजे मी तुम्हाला वाहून नेतोय?" ताठेराव फुगला.

"हो ना! आता हो मागे. मी तुला नेते."

ताठेराव कुरकुरत मागे गेला आणि घटकाभरात गाणं गुणगुणू लागला. ते ऐकून बाकीचेही एकमेकांमागे तिरके लागले. त्या वर्षी एकही करकोचा माघारी फिरला नाही.

आजही थवा डोक्यावरून जाताना मोठा कलकलाट ऐकू येतो. पुढच्या जागेवरून त्यांचं अजून भांडण होतं. "तू दमलास, आता मला येऊ दे," म्हणून.