तारलीचं देणं

फार पूर्वी, खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे एक पाणमांजरी राहायची. माणसांनी बांधलेल्या तळ्यात खाद्य टाकून वाढवलेले लठ्ठ मासे तिला आयते मिळत, म्हणून ती समुद्राकडे फिरकतही नसे. पण पिल्लं झाली आणि तिचं दूध आटलं. तिचे केस झडू लागले, पिल्लांना रडायचंही त्राण उरलं नाही.

शेजारच्या म्हाताऱ्या बगळ्याला ते बघवेना. तो म्हणाला, "बाय, हे मासे तुला मानवत नाहीत. समुद्रात लाटांशी झुंजून वाढलेली तारली मासळी खा."

"बगळेकाका, लाटांत शिरायला बळ कुठून आणू?"

बगळा रोज लाटांच्या कडेला उभा राहू लागला आणि स्वतः अर्धपोटी राहून सापडलेली तारली तिच्यापुढे ठेवू लागला. हळूहळू तिचे केस चमकू लागले, दूध उतरलं, पिल्लं तिच्या अंगावर उड्या मारू लागली.

एका सकाळी ती स्वतःच लाटांत शिरली. पहिली तारली तिने बगळ्याच्या पायाशी ठेवली. दुसरी खाण्याआधी ती समुद्राकडे वळून म्हणाली, "तुझी लेकरं घेतली रे बाबा, म्हणून माझी जगली. लागतील तेवढीच घेईन."