शिसवी पाखराचा दुसरा पंख

एका राज्यात काही म्हणता काही पुरं होत नसे. पूल बांधायला घ्यावा, तो नदीच्या मध्यावर थांबे. गवयी दुसऱ्या ओळीपाशी अडे आणि टकामका बघत राही. पोळी एका अंगानं भाजे, दुसऱ्या अंगानं कच्चीच. लग्नात नवरानवरी सप्तपदीचं चौथं पाऊल टाकत आणि पाचवं काही केल्या पडत नसे. बिचारी तशीच आपापल्या घरी परत जात! हसू नका. ज्यांची लग्नं अडली होती त्यांना विचारा.

हा शाप होता, आणि तो राजानं आपल्या हातानं ओढवून घेतला होता. राजा रिपुंजयाला हाका मारायची भारी हौस. नगारा वाजला की हातातलं टाकून सगळ्यांनी मुजऱ्याला धावायचं, असा त्याचा कायदा. आणि नगारा वाजे दिवसातून दहा वेळा. एकदा धूम्रकेश नावाचा मांत्रिक राजवाड्याच्या चौकात शिसवी लाकडाचं पाखरू कोरत बसला होता. एक पंख झाला, दुसरा व्हायचा होता, एवढ्यात नगारा झाला. मांत्रिक उठला नाही. शिपायांनी त्याला दंड धरून उठवलं. तेव्हा तो गरजला, "राजा, माझं काम तू मोडलंस. आता तुझ्या राज्यात कुणाचंच काम तडीला जाणार नाही. कुणी हा पंख एका बैठकीत पुरा करील तेव्हाच शाप सुटेल!" एवढं बोलून तो धूर होऊन गेला. मागे राहिलं एका पंखाचं पाखरू. ते बोलत असे.

केरोबा सुतारानं तो पंख करायला घेतला. अर्धा झाला आणि राजानं हाक मारली. केरोबा जन्माचा आज्ञाधारक. "जी महाराज," म्हणत उठला मात्र, त्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत लाकूड झाले, आणि कोरलेला पंख भुसा होऊन खाली सांडला. लाकूड रोज वर सरकू लागलं. कोपर गेलं, दंड गेले. त्याची लेक भिवरा त्याला घास भरवी. एकदा तो म्हणाला, "पोरी, पाणी गार आहे की ऊन, तेही कळत नाही ग आता." आणि राजानं साधी विचारपूसही केली नव्हती, याचा तिला असा संताप आला की विचारू नका. लाकूड खांद्याला टेकलं, त्या सकाळी तिनं बापाच्या पटाश्या उचलल्या आणि तडक राजवाडा गाठला.

पाखरू म्हणालं, "तीन हाका येतील. एकीलाही ओ दिलीस तर तुझे हात लाकूड. आणि तुझ्या बापाच्या काळजाला लाकूड लागायला आजचाच दिवस उरला आहे."

"कळलं," भिवरा म्हणाली.

राजा सज्जातून म्हणाला, "मुली, खुशाल बैस. पण नगारा झाला की मुजऱ्याला ये. कायदा तो कायदा."

"येणार नाही, महाराज."

राजानं कठड्यावर मूठ आपटली.

"मी डोकं उडवीन!"

"उडवा. पण पंख झाल्यावर. त्याआधी उडवायला गेलात तर तेही काम तुमच्याकडून अर्धवटच व्हायचं."

भिवरानं मांडी घातली, शिसवाचा तुकडा पुढ्यात ओढला.

आणि कसलं लक्ष आणि कसलं काय! नाकावर माशी बसली. पायाला मुंग्या आल्या. डोळ्यांपुढे कधी बापाचे हात, कधी राजाचं फुगलेलं तोंड. रागाच्या भरात पटाशी खोल गेली आणि पहिली तीन पिसं वाकडी झाली. तिनं ती तासून टाकली. मग लाकडातली एक बारीक काळी रेघ निवडली, आणि ती रेघ जाईल तिकडेच पटाशी न्यायची, दुसरं काही करायचं नाही, असं ठरवलं. रेघ वळली, ती वळली. रेघ थांबली, ती थांबली. माशी कधी उडाली ते तिला कळलंही नाही.

पहिली हाक आली ती आईची. पाच वर्षांपूर्वी गेलेली आई कानाशी म्हणाली, "भिवरे, पान वाढलंय ग. चल, निवतंय." भिवराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं. ते लाकडावर पडलं, तर तिनं लाकूड पुसलं. डोळे तसेच राहू दिले.

दुसरी हाक राजाची. धडधड नगारा झाला, सारी प्रजा धावली. "भिवरा!" तिला ते शेजारच्या गावात कुणी ओरडावं तसं ऐकू आलं. राजा स्वतः खाली उतरला आणि त्यानं नंगी तलवार तिच्या मानेवर ठेवली. भिवरानं पिसावरचा भुसा फुंकला. तो गेला थेट राजाच्या मिशांत! राजा सटासट शिंकला. आपण समोर उभे आणि आपल्याकडे कुणी बघतच नाही, असं त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. हात अवघडला, तेव्हा त्यानं तलवार निमूट खाली घेतली.

तिसरी हाक मात्र वाईट होती. ती भिवराच्याच आवाजात आली. "भिवरे, काय कोरलंस ग! अख्ख्या राज्यात तुझी सर कुणाला नाही. बघ तरी एकदा!" तिला गोड गुदगुल्या झाल्या. हात थबकला. ओठ ओ द्यायला उघडले, आणि करंगळीचं नख लाकडाचं झालं. तेवढ्यात तिची नजर शेवटच्या पिसाकडे गेली. तिथं लाकडात गाठ होती. सरळ कोरावं तर पीस फुटणार. मग? वरून घ्यावं? छे. कडेनं, हलक्या हातानं, गाठीलाच पिसाचा ठिपका करून... ती त्या गाठीत शिरली. आवाज भिवराला हाका मारत राहिला, मारत राहिला. पण तिथं भिवरा नावाचं कुणी उरलंच नव्हतं. पटाशी होती आणि गाठ होती.

गाठीचा ठिपका झाला. पंख पुरा झाला.

पाखरानं दोन्ही पंख झाडले आणि ते आभाळात गेलं. नदीवरचे पूल पैलतीराला टेकले. गवयांना पुढची ओळ आठवली. चौथ्या पावलावर अडलेल्या जोड्यांनी पाचवं, सहावं, सातवं पाऊल टाकलं, आणि काहींना घाई इतकी की आठवंही टाकलं. भिवरा धावत घरी आली. केरोबा दारात उभा होता. त्यानं मऊ, गरम हातांनी तिचं तोंड कुरवाळलं, आणि दोघं पोटभर रडली.

आठ दिवसांनी राजा मानाची वस्त्रं घेऊन, पायी चालत, सुताराच्या दारी आला. केरोबा पाठमोरा बसून पाळण्याचा खांब कोरत होता. राजानं सवयीनं हाक मारली, "केरोबा!"

केरोबाची पाठ हलली नाही.

भिवरा पुढे झाली. "महाराज, बसा तिथं. बाबांचं काम चाललंय."

राजानं इकडेतिकडे पाहिलं. आसन नव्हतं. तो लाकडाच्या ढलप्यांवर मांडी घालून बसला, आणि काम होईपर्यंत गप्प राहिला.