वाईट कोलेस्टेरॉलचा पक्षप्रवेश

करवंदवनात गबाजीराव नावाचं एक अस्वल होतं. ते निवडून आलं होतं, म्हणून सगळे त्याला राजा म्हणायचे.

'झाड तिथे पोळं' ही त्याची घोषणा. निवडून आल्यावर गबाजीरावाने जंगलातली सगळी मधाची पोळी सुरक्षेसाठी सरकारी गुहेत हलवली. गुहा लहान पडली, म्हणून पोटात हलवली. चार वर्षांत अशी वेळ आली की दरबारात आधी पोट यायचं, मग ललकारी व्हायची, मग राजा यायचा.

एके दिवशी तीन पायऱ्या चढताना राजाला धाप लागली. प्रधान लाळूनाना तरसाने डॉक्टर सगुणाबाई साळिंदर यांना बोलावलं. त्यांनी राजाला उपाशीपोटी यायला सांगितलं. राजा फक्त दोन पोळी चाटून आला. बाईंनी स्वतःचाच काटा उपटून राजाचं रक्त काढलं. वटवाघळाने उलटं लटकून पोटाची सोनोग्राफी केली.

"महाराज, तुमच्या यकृतावर चरबी चढलीय," बाई म्हणाल्या.

"चढू दे. माझ्या राज्यात सगळ्यांना वर चढायची संधी आहे."

"पण धोका हृदयाला आहे. चांगलं कोलेस्टेरॉल रक्तवाहिन्यांमधली जादा चरबी उचलून यकृताकडे नेतं. यकृतच चरबीने बिघडलं की हे चांगलं कोलेस्टेरॉल घटतं, आणि उरतं तेही धड काम करत नाही. मग चरबी तिथेच साचते."

"चांगलं किती आहे?"

"अठ्ठावीस. निदान चाळीस तरी हवं."

"आणि वाईट?"

"एकशे नव्वद."

लाळूनानाचा चेहरा उजळला. "महाराज, मग बहुमत आपलंच की!"

बाईंनी मध बंद करायला आणि रोज तासभर चालायला सांगितलं. राजाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मध सोडून काहीतरी सुचवा ना."

ते लाळूनानाने सुचवलं.

आठवड्याभरात मैदानावर मांडव पडला. वाईट कोलेस्टेरॉलचा चांगल्या पक्षात जाहीर प्रवेश होता. ते राजाच्या आतच असल्यामुळे त्याच्या वतीने राजाने उपरणं गळ्यात घालून घेतलं.

"काल जे वाईट होतं, ते आज आपल्यात आलंय!" लाळूनाना गरजला. "आणि जे आपल्यात आलं, ते..."

"चांगलं!" सशांनी आरोळी दिली.

नवा रिपोर्ट वाटला गेला. चांगलं दोनशे अठरा, वाईट शून्य. फॅटी लिव्हरला 'समृद्ध यकृत' म्हणावं, असा हुकूम निघाला. सगुणाबाईंनी विचारलं, "पण आतली चरबी?" त्यांच्यावर समृद्धीच्या बदनामीचा गुन्हा दाखल झाला. अंगावर विनापरवाना काटे बाळगल्याचं कलम वेगळं.

मग राजा भाषणाला उभा राहिला. "बंधुभगिनींनो, माझं काळीज तुमच्यासाठी..." एवढं म्हणून त्याने छाती धरली, घामाने थबथबला आणि कोसळला. लोकांना वाटलं, काय अभिनय! टाळ्यांचा कडकडाट झाला.

"टाळ्या बंद करा, झटका आलाय त्यांना!" सगुणाबाई गर्दी चिरत पुढे आल्या. काट्यांमुळे वाट लगेच मिळाली. त्यांनी राजाला औषध दिलं, तीन दिवस उशाशी बसून राहिल्या.

चौथ्या दिवशी गबाजीराव हळूच म्हणाला, "बाई, मी फार घाबरलो हो. मला मरायचं नाही."

"मग उद्यापासून चाला."

"चालतो."

ते त्याने अगदी मनापासून म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी तो चाळीस पावलं चाललासुद्धा. मग ढोल वाजले, फोटो निघाले, आणि दमलेल्या राजाला प्रजेने श्रमपरिहार म्हणून घागरभर मध पाजला.

सगुणाबाईंनी पिशवी उचलली. जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी वेळेवर पोहोचेनच असं नाही."

झटक्याची चौकशी मात्र झाली. लाळूनाना समितीचा अध्यक्ष होता. अहवालात म्हटलं होतं की यकृत निष्ठावान आहे, कोलेस्टेरॉल तर सगळं चांगलंच आहे. भर सभेत पक्षविरोधी कारवाई केली ती एकट्या हृदयाने. सबब हृदयाला सहा वर्षांसाठी निलंबित करण्यात येत आहे.

ती जागा अजून भरलेली नाही. राज्यकारभारात काही फरक पडल्याची तक्रारही कुठून आलेली नाही.